ओवीभर पाणी

वाटणीत धारेचा दगड थोरल्याकडे गेला, आणि त्या दिवशी धाकट्याच्या घरात चूल पेटली ती नावापुरती.

बाकीची वाटणी तशी सरळ झाली होती. वडील गेल्यावर दोघा भावांनी एकाच छपराखाली भट्टी चालवली. आता छपराच्या मधोमध पत्रे उभे राहिले. भाता थोरल्याला, हातपंखा धाकट्याला. ऐरण धाकट्याला आली, कारण ती हलवायची म्हणजे कंबर मोडायची, आणि थोरल्याला आपल्या कंबरेची काळजी होती. घण, हातोडे, सांडश्या एकेक करून वाटल्या, एक तुझी, एक माझी. मग दोघंही दगडापाशी येऊन थांबले.

दगड म्हणजे गाडीच्या चाकाएवढा. दोन पिढ्यांची पाती घासून त्याचा काठ खोलगट झालेला. त्याच्या आसाला लाकडी रूळ, रुळाला चामड्याच्या वादीचे वेढे. वादीची दोन टोकं दोन हातांत धरून एकदा हा हात ओढायचा, एकदा तो, की दगड घुमायचा. ओढणारी बसायची खाली जमिनीवर, पाय दगडाखालच्या लाकडी घोडीला टेकून, शेजारी पाण्याचा मग. लग्न होऊन आली तशी ती जागा धाकट्याच्या बायकोची.

थोरल्या जावेनं वादीला कधी हात लावला नाही. तिच्या पाठीत कळ होती. कळ मोठी शहाणी. माहेरी जायच्या वाटेवर कधी उठली नाही, दगड दिसला की उठायची.

"दगड मोठ्याचा," थोरला म्हणाला. "बाबा म्हणायचे."

"कधी म्हणायचे?" धाकट्यानं विचारलं.

"तू झोपलेला असायचास तेव्हा."

धाकट्याला भांडता येत नसे. लोखंडावर घण घालणारा माणूस, पण माणसापुढं आला की हात मागं बांधायचा.

थोरल्यानं मग दगडावर तळहात ठेवला, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा. दारात उभ्या असलेल्या भावजयीकडे न बघता भावाला म्हणाला, "वादी ओढायला माणूस लागेल. तुझ्या घरातनं येत असेल तर परक्याला कशाला सांगू? रोजाचं काय ते देईन. तूही ये ऐरणीसकट. आपलंच आहे सगळं."

"म्हणजे तुझ्या हाताखाली?"

"मोठ्याचा हात वरच असतो रे."

थोरला तिच्याशी थेट कधी बोलत नसे. जे काही सांगायचं ते तिच्या नवऱ्याला सांगायचा, आणि ती समोर असली तरी 'तिला सांग' म्हणायचा. इतकी वर्षं ती त्याला मान समजत होती. आज तिला वाटलं, बैलाशीही थेट कोण बोलतं? मालकाला विचारतात, किती ओढतो म्हणून. आपल्याच घरात गाळलेला घाम. त्याला आज रोज ठरला.

तिनं ओले हात पदराला पुसले. हातांत वादीचे घट्टे होते, दोन्ही तळव्यांत आडवे, जणू कुणी दोन रेघा मारून ठेवल्या होत्या.

---

बाजारात खाटकांची एक ओळ होती, आणि त्या ओळीचा म्होरक्या एक मिशाळ खाटीक. आपल्या दुकानाच्या सुऱ्या तो घ्यायचा आणि सगळी ओळ त्याच्या मागोमाग घ्यायची. त्या ओळीच्या सुऱ्या ज्याच्याकडे, त्याची भट्टी वर्षभर विझत नसे. वाटणीची बातमी त्याच्या कानावर गेली तेव्हा तो म्हणाला होता, "मला भावकीत ओढू नका. दोघांनी सुऱ्या आणा. ज्याची चांगली, त्याची घेईन. दुसऱ्यानं विळे-खुरपी करावीत."

आणि दगडाशिवाय सुरी होत नाही. लोखंड ठोकून आकार येतो, धार येत नाही.

"मशीन करीन," धाकटा रात्री जेवताना म्हणाला. जेवताना म्हणजे ताटापुढं बसून.

त्यानं एकदा मोठ्या शहरातल्या कारखान्यात ते बघितलं होतं. पॉलिशपेपरचा लांब पट्टा, दोन-तीन चाकांवरून सुसाट पळणारा. पातं नुसतं टेकवलं की ठिणग्यांचा मोरपिसारा, आणि बघता बघता लोखंड आरशासारखं. एकटा माणूस उभ्यानं काम करतो. ना दगड, ना वादी, ना बाई.

'ना बाई' हे तो सहज बोलून गेला. तिनं ऐकलं आणि भातावर आमटी वाढली.

तयार मशीन घेण्याची गोष्टच नव्हती. पण चाकं, पट्टा आणि फिरवणारी मोटर, यापलीकडे त्यात आहे काय? चाकं करता येतील, पट्टा चिकटवता येईल. मोटर मात्र ठोकून होत नाही.

पुढचे दोन-तीन दिवस तो घरात वावरताना सारखा एका कोपऱ्याकडे बघायचा आणि मान फिरवायचा. कोपऱ्यात तिची गिरणी होती. कपाटाएवढी घरगुती गिरणी, भावानं दिलेली. शेजारणी डबे घेऊन यायच्या, दळण होईस्तोवर पाय पसरून बसायच्या, सुनांच्या आणि सासवांच्या उखाळ्यापाखाळ्या त्या पिठाबरोबर बारीक व्हायच्या. तिच्या घरात तिचं म्हणावं असं तेवढं एकच होतं. वादी ओढून आली की ती गिरणी सुरू करायची आणि स्टुलावर बसायची. बसून चालणारं तिचं तेवढंच काम.

"चोरासारखं काय बघताय?" शेवटी तीच म्हणाली. "काढा."

"तुझी गिरणी आहे ती."

"माझी आहे म्हणूनच सांगते. दुसऱ्याची असती तर काढा म्हटलं असतं का?"

"तात्पुरती काढू. खाटकाचं काम लागलं की दुसरी मोटर आणू, ही परत बसवू."

"हो, तात्पुरती."

तात्पुरतं काय असतं ते दोघांनाही माहीत होतं. अंगणातला पत्र्याचा आडोसा तात्पुरताच बांधला होता, सासूच्या वेळी.

---

मोटर निघाली. मग निघाला लोखंडी पलंग. त्याचे कोन कापून सांगाडा झाला आणि दोघं जमिनीवर झोपायला लागले. सांगाड्याच्या पाठीला गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याची सपाट पट्टी ठोकली, पट्ट्याला मागून टेकू म्हणून. बाकीचं भंगारवाल्याकडे.

भंगारवाला एका कानानं बहिरा होता आणि दुसऱ्यानं सोयीपुरता.

"मोडक्या ढकलगाडीची दोन रबरी चाकं पाहिजेत," धाकटा म्हणाला. "बेरिंगसकट."

"ढकलगाडी? सासऱ्याला फिरवायचंय?"

"मशीनला लावायचीत. आणि फाटकाची एक स्प्रिंग. आणि बिजागरी."

"चाक, स्प्रिंग, बिजागरी. तू काय घर पळवून नेतोयस?" त्यानं ढिगाऱ्यात हात घातला. "मला पैसे नकोत. मशीन चाललं तर पहिली सुरी माझी. नाही चाललं तर मशीन माझं."

"अपशकुनी बोलू नकोस."

"काय म्हणालास? या कानाला ऐकू येत नाही."

पट्टा तीन चाकांवरून जायचा होता. खालचं मोटरीचं, वरची दोन मोकळी. त्यातलं एक स्प्रिंगवर, पट्टा ताणून धरायला. दुसरं बिजागरीवर, म्हणजे बोल्ट पिळला की चाक कणभर तिरकं व्हायचं आणि पट्टा डावी-उजवीकडे सरकवता यायचा. मोटरीचं चाक लाकडाचं. प्लायवुडच्या गोल चकत्या सरसानं एकावर एक चिकटवून त्यानं ते केलं, मोटरीवर चढवलं आणि मोटर चालू करून फिरत्या चाकाला पटाशी लावली. भुसा उडाला, चाक गोल झालं. पट्टा चढवला.

मोटर चालू झाली आणि तिच्या जाळीतून पांढरा लोट बाहेर आला. पीठ. किती दिवसांचं आत साठलेलं. धाकट्याच्या मिशा, भुवया, सगळं पांढरं.

ती हसली. वाटणीनंतर पहिल्यांदा. "म्हातारे झालात की एकदम!"

"उघडून साफ करतो तिला. आत थर असेल."

"राहू द्या हो," ती म्हणाली. "तेवढी खूण राहू दे माझ्या गिरणीची."

त्यालाही घाई होती. राहू दिलं.

पट्टा मात्र राहीना. दोन फेरे घ्यायचा की काठाकडे सरकायचा आणि सटकून भिंतीवर आपटायचा. बिजागरीचा बोल्ट असा पिळला, तसा पिळला. तिसऱ्या वेळी पट्टा त्याच्या कानशिलावर बसला. पत्र्यापलीकडे थोरली जाऊ मोठ्यानं म्हणाली, "काय फाटतंय गं तिकडे? लुगडं की नशीब?"

धाकटा खाली बसला. कानशिलाला वळ उठला होता. दिवसभर तो त्या सपाट, देखण्या चाकाकडे बघत होता.

तिचे हात मांडीवर होते. ते आपोआप हलत होते, एक पुढं, एक मागं. रिकामे असले की हलायचेच. आणि त्या हलण्यातून तिला आठवलं. वादी रुळावरून कधी सरकत नसे. रूळ सपाट नव्हताच. मधे फुगीर होता, तळव्याला कळेल न कळेल इतका.

"त्या रुळाला पोट होतं," ती म्हणाली. "याला नाहीये."

"कुणाला पोट?"

"चाकाला. मधे किंचित पोट ठेवा. पोटावरून माणूसही हलत नाही, पट्टा कसा हलेल?"

त्यानं काठांवर पटाशी फिरवली, मधे तसूभरही नाही इतकं पोट ठेवलं. पट्टा चढला, सरकला, मधोमध आला आणि तिथं बसून पळू लागला, जणू पहिल्यापासून तिथलाच. धाकट्यानं तिच्याकडे बघितलं. त्या रात्री जमिनीवर झोपताना त्यानं गोधडीची जाड बाजू तिच्याकडे केली.

---

ठिणग्या मात्र वाईट होत्या. दगडावर पाणी असायचं, ठिणगी जन्माला येतानाच विझायची. इथं त्या सरळ हातावर यायच्या. पहिल्याच दिवशी त्याच्या मनगटांवर लाल ठिपके उठले.

वाटणीत एक जुनी, तुटकी वादी कुणी मागितली नव्हती. ती तिनं उशाशी ठेवली होती. ती उसवून, तेल लावून मऊ करून तिनं त्याच्यासाठी हातमोजे शिवले. सुई आत जाईना. अंगठ्याला चिंधी बांधून ढकलली. कित्येक वर्षं हातात धरलेलं चामडं, आता त्याच्या हातावर चढलं.

"बसतात का?"

"बसतात." त्यानं मुठी मिटल्या, उघडल्या. "काहीच लागत नाही बघ आता. विस्तवावर हात ठेवला तरी कळायचं नाही."

चांगलंच वाटलं तिला ते ऐकून.

सुऱ्या ठोकून झाल्या. तापवून, पाणी पाजून टणक केल्या, जशा दगडासाठी करायच्या तशाच. मग मशीनवर. ती दारात उभी राहून बघायची. पूर्वी एका सुरीला तिचे खांदे भरून यायचे. आता तो ती टेकवायचा, फिरवायचा, टेकवायचा, झालं. एखादीच्या काठाला निळा पदर दिसायचा, पारव्याच्या मानेवर असतो तसा. तो बारीक पट्टा लावायचा आणि निळा पदर निघून जायचा. खाली पांढरं, लखलखीत लोखंड.

"अहो," ती एकदा म्हणाली, "ते निळं येतंय काठाला."

"वरचा रंग आहे. घासला की जातो."

"भट्टीत निळं झालेलं पातं तुम्हीच बाजूला टाकायचात."

"ती भट्टीची गोष्ट. इथं कुठं आग आहे?" त्यानं मोज्यातल्या हातानं सुरी तिच्यापुढं धरली. "बघ. कुठं आहे निळं? तोंड दिसतंय तुझं. लोखंडाचं मला शिकवू नकोस. तू..." तो थांबला. 'तू वादी ओढ' म्हणणार होता, पण वादी कुठं होती?

तिनं सुरीत बघितलं. खरंच तिचं तोंड दिसत होतं, वाळलेलं, डोळ्यांखाली काळं. थोरल्याच्या सुऱ्या कधी अशा झाल्या नव्हत्या. काळ्या, दगडाच्या रेघा असलेल्या. ही सुरी थोरल्यापुढं नुसती धरली तरी त्याचं थोबाड त्याला त्यातच दिसलं असतं. ते तिला हवं होतं. तिनंही मग तो निळा रंग मनातून घासून टाकला.

पहिली सुरी ठरल्याप्रमाणं भंगारवाल्याला गेली. त्यानं ती नाकापुढं धरून मिशा विंचरल्या.

---

बाजाराच्या दिवशी दोघं नवराबायको सुऱ्या फडक्यात बांधून घेऊन गेली. थोरला आधीच आला होता. चार दिवस रोजाचा माणूस लावून घासलेल्या त्याच्या काळ्या सुऱ्या फळीवर पडल्या होत्या. धाकट्यानं फडकं सोडलं आणि ओळीतले चार खाटीक हातातलं काम टाकून आले.

"आयला, दागिने आहेत का सुऱ्या?"

"बायकोला नको दाखवू, गळ्यात घालील."

थोरला हसला नाही. त्यानं एक सुरी उचलली, उलटी-सुलटी केली, ठेवली. तिनं त्याच्याकडे बघितलं, सरळ, पदर न सावरता.

मिशाळ खाटकानं सुरी घेतली. मांसातून ती लोण्यासारखी गेली. "वा," तो म्हणाला. मग त्यानं सांध्याच्या हाडाला धार टेकवली आणि हाडावरून सुरी ओढली, एकदा, दोनदा. अंगठ्याचं नख धारेवर आडवं फिरवलं. थांबला. सुरी उजेडाला धरली. काठ एका बाजूला वळला होता, कागदाचा कोपरा दुमडावा तसा.

त्यानं दुसरी घेतली. तिसरी. चौथी पुरती बघितलीही नाही.

"मऊ आहेत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं. "चमक आहे बाबा, दम नाही. तुझ्या भावाची सुरी दिसायला काळी, पण सकाळी हातात धरली की दिवस मावळेपर्यंत तोंड फिरवत नाही."

धाकट्याला त्याच क्षणी सगळं कळलं होतं; ते निळं, ते मोजे, ती कोरडी आग. घासताना तापूनच पाती मऊ पडली होती. दगडावर पातं उघड्या बोटांत असायचं. ऊब वाढली की बोटाला कळायचं, आणि बोटाला कळायच्या आधी तिच्या मगातलं पाणी पडायचं. आता बोटं चामड्यात होती आणि पाण्याचा मग घरात फडताळावर.

"परत आणतो," तो कसाबसा म्हणाला. "पुढच्या बाजाराला. एकदाच."

खाटकानं थोरल्याकडे बघितलं, मग धाकट्याकडे. "पुढचा बाजार. मग मला विचारू नकोस."

फडकं बांधताना तिच्या बोटांना गाठ जमेना. थोरला भावाला म्हणाला, "दगडाची जागा रिकामीच आहे. तिला सांग, वादी नवी घातलीय."

---

परत तापवायचं, परत पाणी पाजायचं. पण पट्ट्यानं पाती पातळ झाली होती. पातळ लोखंड पाण्यात शिरताना मुरडतं. निम्मी मुरडली, काहींना चीर गेली. उरली तेवढी त्यानं वाचवली.

"आता मोजे नको," तो म्हणाला. "आणि पाणी पाहिजे. पट्ट्यावर धार सोडत राहायचं, दगडासारखं."

"मोटर आहे ना खाली?"

"पत्र्याची छत्री करतो तिच्यावर."

त्यानं पत्रा वाकवून मोटरीवर बांधला. पट्टाही पाण्यात टिकणाऱ्या कापडाचा आणला. ती फडताळावरून तो मग घेऊन आली, बादली भरली, आणि जुन्या सवयीनं खालीच बसणार होती. मग उभी राहिली. मशीन उभ्याचं होतं.

"कितीदा ओतू?"

त्यानं तिच्याकडे नवलानं बघितलं. "पूर्वी कशी ओतायचीस?"

ती लाजली. इतक्या वर्षांत त्यानं हे विचारलं नव्हतं. वादी ओढताना ती ओव्या म्हणायची, आणि ओवी संपली की एक हात सोडून मगातलं पाणी. ओवीभर लोखंड तापायचं, ओवीच्या शेवटी निवायचं. कुणी शिकवलं नव्हतं. गळ्यानं आणि लोखंडानं ते आपसांत ठरवलं होतं.

"ओवी संपली की," ती म्हणाली.

"मग म्हण."

मोटर घुमली. पट्टा पळू लागला. तिनं आवाज मोटरीच्या वर चढवला.

*लोखंड तापलं, तापू द्यावं किती,*
*माय पाण्याची गं, निववी त्याची छाती.*

पाणी पडलं. पट्ट्यावरून वाफ उठली, ठिणग्या विझल्या. त्यानं पातं उघड्या बोटांत धरलं होतं. "थंड आहे," तो ओरडला. "म्हण, म्हण!"

*दगड गेला बाई मोठ्याच्या गं दारी,*
*माझ्या हाताच्या रेघा राहिल्या माझ्या घरी.*

पाणी. तो हसत होता, दात दिसतील असा. लग्नातही असा हसला नव्हता. एक सुरी झाली. त्यानं धार नखावर घेतली, मग खिळ्यावर ओढली. काठ वळला नाही. त्यानं ती सुरी तिच्या हातात दिली, मुठीकडून, जशी माणसाला देतात. दुसरी झाली. तिसरी लागली. पत्र्यापलीकडे जावेची भांडी थांबली होती, ऐकत असावी. तिच्या गळ्याला आता लगाम नव्हता. जोडताही येईना इतक्या भराभर ओव्या येत होत्या.

*गिरणीची मोटर लोखंडाच्या घरी,*
*पिठाचं पांढरं अजून तिच्या उरी.*

पाणी पडलं. आणि मोटरीचा आवाज बसला.

आधी वाटलं, पातं जोरात टेकलं. त्यानं पातं उचललं; आवाज आणखी जड झाला, ओझं घेऊन चढ चढणाऱ्या माणसासारखा. पत्र्याची छत्री वरून होती. पट्ट्याबरोबर खाली गेलेलं पाणी चाक मागच्या बाजूनं भिरकावत होतं, थेट जाळीत. ते तिला दिसलं तेव्हा पाण्याचा मग अजून तिच्या हातात तिरकाच होता. सांगाड्याला हात लागला आणि खांद्यापर्यंत मुंग्या गेल्या. ती मागं फेकली गेली. त्यानं बटणावर झेप घेतली.

बटण बंद झाल्यावर धूर आला. करड्या, जाड धुराची एक वेणी जाळीतून निघाली, आणि तिच्याबरोबर वास. तो वास लोहाराच्या छपरात कधी येत नसे. तव्यावर विसरलेल्या कणकेचा, करपलेल्या पिठाचा वास.

गार झाल्यावर त्यानं मोटर उघडली. आत तारांच्या वेढ्यांवर, पंख्याच्या पात्यांत, सगळीकडे पीठ होतं. पाण्यानं त्याची कणीक झाली होती, कडेनं काळी करपलेली. पंखा तिच्यात रुतून बसला होता. तारा जळून गेल्या होत्या.

त्यानं बोटानं थोडी कणीक उकरली आणि बराच वेळ बोटाकडे बघत बसला. 'साफ करतो' म्हणालो होतो, असं तो बोलला नाही. 'राहू द्या' मी म्हणाले होते, असं तीही बोलली नाही. एकमेकांना दोष द्यायला सुद्धा घरात काहीतरी शिल्लक लागतं.

संध्याकाळी शेजारीण डबा घेऊन डोकावली. "गिरणी सुरू झाली का गं? वास आला पिठाचा, म्हटलं सुरू झाली असेल."

---

बाजाराला तो दोन सुऱ्या घेऊन एकटा गेला. खाटकानं त्या हाडावर ओढल्या, मान हलवली. "याला म्हणतात सुरी. बाकीच्या?"

"एवढ्याच."

"दोन सुऱ्यांनी ओळ चालते का रे बाबा?" त्यानं दोन्ही ठेवून घेतल्या. सुऱ्यांचं काम थोरल्याला गेलं.

भंगारवाला हातगाडी घेऊन आला. सांगाडा, चाकं, स्प्रिंग, बिजागरी. पोट असलेलं लाकडी चाक पाण्यानं फुगून फाटलं होतं. ते त्यानं फिरवून बघितलं आणि त्यांच्याच चुलीसाठी मागं ठेवून दिलं. "तुमची ती सुरी," तो तिला म्हणाला, "बायको कांदा कापते तिनं. कांद्याला चांगली आहे." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, जाताना मोटरीचा जळका गोळा गाडीतून काढून परत दारात ठेवला. "हा तुमचा. यात मला काही मिळायचं नाही."

ऐरण पत्र्यापलीकडे न्यायला दोघा भावांना बराच वेळ लागला. थोरल्याची कंबर त्या दिवशी वाकली, कारण ओझं आता त्याच्या बाजूला जात होतं.

दगडाच्या घोडीला पाय टेकून ती आपल्या जागेवर बसली. जागा तीच, जमिनीत तिच्या टाचांचे खळगे तेच. वादी मात्र नवी होती, कोरी, कडक; घट्ट्यांत बसेना, घट्ट्यांच्या बाजूला नवीन जागा कापू लागली. जाऊ दारात उभी होती, पाठीला हात लावून. "सांभाळून गं, महाग आहे ती," ती म्हणाली.

दगड घुमला. थोरल्यानं पातं टेकवलं. पलीकडे धाकटा ऐरणीवर होता, पाठमोरा.

थोरल्याचा अंगठा पात्यावर होता. तिचे ओठ मिटलेले. काही वेळानं त्यानं मान वर केली, तिच्याकडे न बघता ऐरणीकडे बघून म्हणाला, "तिला सांग, गाणं म्हण म्हणावं. पूर्वी म्हणायची. त्याशिवाय पाण्याचा अंदाज येत नाही."

घणाचा आवाज थांबला. धाकट्यानं वळून बघितलं नाही. पण निरोपही सांगितला नाही.

तिनं वादी ओढली, एक हात पुढं, एक मागं. मनातल्या मनात ओवी सुरू केली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही न गाळता. संपली तेव्हा एक हात सोडला, पाण्याचा मग तिरका केला. पाणी बरोब्बर जागी पडलं. पातं निवलं, वाफ उठली.

"पडलं ना वेळेवर?" ती थेट थोरल्याला म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "मग झालं. रोज पाण्याचा ठरलाय, गाण्याचा नाही, भावजी."

थोरला तिच्याकडे बघत राहिला. मग पातं परत दगडाला लावलं. पलीकडे घण सुरू झाला. ती ओढत राहिली; ओव्या येत होत्या, एकामागून एक, आणि ती त्या गिळत होती, आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी थोरल्याच्या लोखंडावर वेळेवर पाणी पडत होतं.